मोठा एस आणि छोटा एस

सोमवार, ३ मार्च

सुटले एकदाची कटकटीतून! मानिसालेस शहरातल्या या कचेरीत मोजमापाची एककं जो तो मनाला येईल तशी लिहितो. कुणाच्या किलोचा के मोठा, कुणाच्या मीटरचा एम मोठा. माझा प्रोग्राम ती परत पाठवतो, मग सगळे माझ्यावर ओरडतात. आज साहेबही कडाडले, "दोरिस, आपण ज्वालामुखीवर नजर ठेवायला बसलोय, शुद्धलेखन तपासायला नाही!" मग एकच ओळ घातली — आलेलं प्रत्येक इंग्रजी अक्षर आधी छोटं करायचं. आणि काही जुळलं नाही तरी प्रोग्रामने उगाच तक्रार करायची नाही.

मंगळवार, ११ मार्च

एलिएसेरकाका भेटले. अठ्ठावीस वर्षं रोज डोंगर चढून गरम झऱ्याचं पाणी मोजतायत, हल्ली आकडा फोनवरून लिहून कचेरीत धाडतात. पाण्यातून वीज किती वाहते ते, सीमेन्समध्ये; डोंगर आतून तापला की हा आकडा चढतो. लिहायचं कसं ते मीच शिकवलं होतं. "ध्यानात आहे गं पोरी! माणसाच्या नावावरचं एकक. पूर्ण नाव लिहिलं की टोपी काढायची, म्हणजे छोटं अक्षर; नुसतं आद्याक्षर लिहिलं की टोपी घालायची, म्हणजे मोठं!" स्वतःच खदखदून हसले. मला गुळाचं गरम पाणी पाजलं, इथल्या रिवाजाप्रमाणे आत चीजचा तुकडा टाकून.

शुक्रवार, १४ मार्च

काकांना कामावरून काढलं. झऱ्याचा आकडा अकरा दिवस आलेलाच नाही म्हणे. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हातारा वर जातच नाही. घरी शेकत बसतो." काका एवढंच म्हणाले, "मी गेलो होतो." मी मान खाली घालून बसले.

शनिवार, १५ मार्च

घात झाला. मी केला!

मोठा एस म्हणजे सीमेन्स. छोटा एस म्हणजे सेकंद. काकांनी रोज मोठाच एस लिहिला, माझ्या ओळीने रोज तो छोटा केला. पाण्याची वीज सेकंदात कशी असेल? प्रोग्रामने आकडा मुकाट्याने बाजूला टाकला. तक्रार करायची नाही, हाही माझाच हुकूम!

साहेबांना फोन लावला. वाजायच्या आत ठेवला.

रविवार, १६ मार्च

नाही सांगितलं. शी!

सोमवार, १७ मार्च

सांगितलं. साहेब म्हणाले, "आकडे भर आधी."

टाकलेले आकडे एकेक करून भरले, मोठा एस लावून. आलेखाची रेषा सपाट नाहीच, सरळ वर चढलीय. चौदा तारखेपर्यंत चौपट! डोंगर जागा होतोय, आणि बाहेर फलकावर अजून हिरवा रंग — धोका नाही.

सोमवारीच, दुपारी

काकांच्या घरी फोन केला. रोसाल्बाकाकू म्हणाल्या, "ते होय? पहाटेच वर गेलेत. काढलं तरी रोज जातात. म्हणतात, एक दिवस जरी चुकला ना, तर लोकांना खरंच वाटेल की म्हातारा जात नव्हता."