चार पानं लाल पेनानं

प्रिय मालू,

नऊ दिवस झाले, तू फोन उचलला नाहीस. रोज संध्याकाळी मी तुमच्या होस्टेलच्या नागम्माबाईंना विचारतो. "पोरगी जेवती, क्लासला जाती, पण कुनाशी बोलंना झालीय सर," एवढंच त्या सांगतात. जेवतेस हे ऐकून बरं वाटतं, पुढचं ऐकून नाही. माझा फोन चालू असेपर्यंत तुझ्या आईचा भाजी निवडणारा हात थांबलेला असतो.

तुझा राग मला कळतो. तू लातूरहून चार पानी पत्र पाठवलंस आणि मी ते लाल पेनानं तपासून परत धाडलं. एकतीस वर्षं मराठी शिकवली, कागद समोर आला की हात आपोआप चालतो, असं स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. वर शेवटी 'अक्षर सुधारले आहे' असा शेराही मारला. आठवलं की लाज वाटते.

आपल्या गल्लीतले सोमेश पाळक सध्या चर्चसाठी बायबलच्या धड्यांची पुस्तिका लिहीत आहेत. मराठी नीट करायला पानं माझ्याकडे आणतात. येशूचा प्रेषित पौल यहुद्यांच्या सभास्थानात लोकांशी बोलतो तिथं त्यांनी लिहिलं होतं, 'उपदेश केला'. मी बरोबरची खूण केली, तर तेच अडून बसले. म्हणाले, "न्हाई सर, मूळ ग्रीक शब्द दियालेगोमाय हाय. त्याला दोन बाजू लागत्यात. ह्यानं सांगायचं, त्यांनी इचारायचं, पुन्हा ह्यानं सांगायचं. शनवार त्यांचा प्रार्थनेचा दिवस, तीन शनवार असंच बोलून राहिले ते." मी 'वाद घातला' सुचवलं. तेही नको, वादात म्हणे एकाला हरावं लागतं. शेवटी 'त्यांच्यासोबत बसून विचार केला' असं लिहिलं आणि ते खूश होऊन गेले. मी मात्र तिथंच बसून राहिलो. आपल्या घरात असं कधी झालं गं? सायन्स घे, लातूरला जा, एक वर्ष थांबून पुन्हा नीटची परीक्षा दे. मी सांगत गेलो, तू मान हलवत गेलीस, आणि आमच्या मालूचं आमच्याशी कधी दुमत नसतं, असं मी स्टाफरूममध्ये मिरवत राहिलो.

परवा आईनं एकदाचं विचारलं, पोरीनं लिहिलंय तरी काय हो? मी तोंड उघडलं. 'परीक्षा'तली री तीनदा ऱ्हस्व होती, ते आठवलं. दुसऱ्या पानावर स्वल्पविराम नव्हते, तेही आठवलं. तू काय म्हणत होतीस, ते काही केल्या आठवेना. चार पानं मी तपासली, मालू. वाचली नाहीत. तुझ्या आईनं माझ्याकडे जसं पाहिलं तसं तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

आज पहाटेची पहिली एसटी धरली. हे मी तुमच्या होस्टेलच्या गेटजवळच्या बाकावर बसून लिहितोय, नागम्माबाई वर आणून देतील. ते पत्र फाडलं नसशील तर घेऊन खाली ये आणि तूच मला वाचून दाखव. फाडलं असशील तर आठवेल तसं सांग. परीक्षेचं असो, दुसरं काही असो, मी ऐकेन, आणि न कळलं तर विचारेन. त्याला तीन रविवार लागले तरी येत राहीन. लाल पेन ह्या पत्रासोबत वर पाठवतोय, ते तुझ्याकडेच राहू दे.

खाली वाट पाहणारा,
तुझाच,
बाबा