चार नंबरची पाटी

मी, कान्हू पदू म्हात्रे, वय वर्षे पंचाहत्तर, राहणार कासू, तालुका पेण, जिल्हा रायगड, पूर्वीचा धंदा वाफेचे इंजिन चालवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो ऐसाजे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा इथे संबंध नाही. माझ्यावर कोणीही जबरदस्ती केलेली नाही. करून तर बघावी.

कासूचं राहतं घर मुलगा निलेश आणि मुलगी नम्रता यांना निम्मं निम्मं. नम्रता म्हणते तिला नको, दादालाच द्या. तिचं ऐकू नये. भाताची जमीन निलेशची, पोस्टातली ठेव नम्रताची. माझं कोळशाचं फावडं आणि तेलाची झारी निलेशने ठेवावी. त्याने एकदा पाहुण्यांसमोर इंजिनाला "बाबांचं भंगार" म्हटलं होतं. ते मी माफ केलं आहे. विसरलेलो नाही.

आता इंजिनाचं. खरं तर एवढ्यासाठीच वकीलबाईंना घरी बोलावलं.

रोह्याच्या कागद कंपनीत कोळसा ओढायला दोन वाफेची इंजिनं होती. दोन्ही एका कोळशाच्या खाणीतून जुनी विकत आणलेली, जुळ्या बहिणींसारखी. स्टेशनापासून कंपनीच्या भट्टीपर्यंत कोळशाचे डबे ओढायचे, एवढंच त्यांचं काम. चार नंबर दिनानाथ गणू शिर्के चालवायचा, राहणार रोहा. सात नंबर माझं. कंपनीत कोळशाचा पहिला डबा आला तो चार नंबरने आणला, दिनानाथच्या हाताने. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

माझी बायको हौसा इंजिनांची राख काढायला शेडमध्ये होती. एका दसऱ्याला सात नंबरची केबिन नवी रंगवली होती. ही चढताना घसरली आणि तिचा उजवा पंजा ओल्या रंगात उमटला, नेमका माझ्या बसायच्या जागेमागे. रंगारी पुसायला निघाला, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझा हात तुमचे पाठीवर हाय, असा समजा." त्या पंजाला पाठ टेकून मी पुढची सगळी वर्षं इंजिन चालवलं.

मग भट्टी तेलावर गेली आणि इंजिनं बंद झाली. साहेबांनी ठरवलं, चार नंबरने पहिला कोळसा आणला, ते आठवण म्हणून ठेवायचं. सात नंबर भंगारात. निर्णय चुकीचा नव्हता. पण हौसाला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तिचा फोटो एकच, लग्नातला, त्यातही मान खाली. एक लुगडं आणि तो पंजा सोडला तर तिचं असं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

१९९९ च्या शिमग्याला सगळे पालखीमागे गेले. मी भर दुपारी पाना घेऊन शेडमध्ये शिरलो आणि दोन्ही इंजिनांच्या पितळी पाट्या बदलल्या. पंजा दिसू नये म्हणून त्यावर पत्र्याची पेटी टांगली. आठवड्याच्या आत दिनानाथचं चार नंबर माझ्या सात नंबरच्या पाटीखाली कापलं गेलं. मी बघायला गेलो नाही, हिंमत झाली नाही.

तर नदीपलीकडच्या अष्टमी गावात, शाळेच्या आवारात कंपनीची आठवण म्हणून आज जे उभं आहे ते सात नंबर. फलकावरचा इतिहास दिनानाथच्या इंजिनाचा आहे. दर दसऱ्याला तो रोह्याहून पूल ओलांडून झेंडूचा हार घेऊन येतो, केबिनात चढतो, हँडलला हळदकुंकू लावतो. मी खाली उभा राहून शिडी धरतो. नंतर तो मला चहा पाजतो आणि मी निर्लज्जासारखा पितो. सव्वीस वर्षं मी माझ्या दोस्ताला परक्या इंजिनाची पूजा करू दिली. याला चोरी म्हणतात.

म्हणून फलक दुरुस्त करावा आणि त्यावर चार नंबरसोबत दिनानाथचं नाव घालावं. कापण्याच्या आदल्या दिवशी मी चार नंबरचं वाफेचं हँडल काढून आणलं होतं. ते माझ्या ट्रंकेत हौसाच्या लुगड्यात गुंडाळलेलं आहे. ते दिनानाथचं. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये, उगाच वाद होतात. मी म्हटलं, बाई, हे मी देत नाही, परत करतोय. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असंही त्या म्हणाल्या. इथे गरज आहे. दिनानाथने सगळं वाचावं आणि मगच सही करावी. त्याने नाही केली तर त्याला कोणी समजवायला जाऊ नये, दुसरा साक्षीदार शोधू नये. कागद अपुरा राहू दे. भावंडं वाटणी समजुतीने करतील. दिनानाथची समजूत मला फुकटात नको.

इंजिनाला वर्षातून दोनदा जळकं ऑइल चोळायचं काम निलेशचं. खाडीचा वारा लोखंड खातो. भंगार म्हटल्याची शिक्षा समजावी.

पेटी नम्रताने काढावी. आई गेली तेव्हा ती लहान होती. तिने आपला हात त्या हातावर ठेवून बघावा.

ठिकाण: कासू
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
सही: कान्हू पदू म्हात्रे

साक्षीदार
१. ॲड. नूतन हर्षद ठाकूर, पेण. (सही)
२. दिनानाथ गणू शिर्के, रोहा. (सही)

दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेले:

सगळं वाचलं. पहिल्याच दसऱ्याला हँडल धरलं तेव्हा हाताला कळलं, हे माझं नाय. पेटी उचलली, वहिनींचा पंजा दिसला. पेटी होती तशी परत लावली. वहिनींना जाऊन वर्ष झालं होतं, तुला काय बोलणार? तेव्हापासून हार त्यांनाच घालतोय. कान्हू, माझं हँडल आजच काढ ट्रंकेतनं. तू मरायची वाट बघत मी बसणार नाय.