पांढऱ्या शर्टाचा डोस

१ जानेवारी १९७८
यंदा नक्की. मुंबईचा एक वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा कोर्स. पास झालो की हॉस्पिटलात फिजिसिस्ट. कॅन्सरच्या पेशंटला किती किरण द्यायचे ते डॉक्टर नाही, मी मोजणार. वयाची अट अठ्ठावीस. मला मार्चमध्ये अठ्ठावीस पूर्ण होतात, पण अट जुलैला एकोणतिसावं चालू असलं तरी चालेल अशी आहे. म्हणजे यंदाच. पुढल्या वर्षी नाही.
टाइमटेबल केलं. लाल पेन्सिल अभ्यास, निळी फाउंड्री, हिरवी झोप. हिरवा भाग जास्त दिसतो. रंगच तसा भडक आहे.

३ जानेवारी
पाचला उठायचं होतं. सात वीसला उठलो. आईने हाक मारली नाही. ती म्हणते चारदा मारली. आईला, म्हणजे केसरबाईंना, वेळेचा अंदाज नाही.
जाड पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. पान १७ पर्यंत झालं. पहिली बारा पानं प्रस्तावनेची, तरीही वेग चांगला.

१९ जानेवारी
फाउंड्रीत आमचं काम सोपं नाही. लोखंडी कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागाच्या, आत तडा आहे का ते किरणांनी बघायचं. एका बाजूला सोर्स, म्हणजे किरण सोडणारी गोळी, दुसऱ्या बाजूला फिल्म. मी एम.एस्सी., म्हणून इनचार्ज. धोंडीबा आठवी, म्हणून मदतनीस. तो चऱ्होलीहून सायकलवर येतो आणि सोर्स त्याच्या हाताला कुत्र्यासारखा ओळखतो.
आज गेल्या वर्षाच्या फिल्म बॅजचे आकडे मुंबईहून आले. बॅज म्हणजे छातीवर लावायची छोटी डबी. आत फिल्म. अंगावर किती किरण पडले ते तिच्यावर उमटतं. दर महिन्याला ती मुंबईला जाते, नवी येते.
माझे बाराही महिने शून्य. धोंडीबाचे तीस, चाळीस, पंचवीस, चाळीस, असे. मिलिरेममध्ये, म्हणजे किरणांच्या मापात.
त्याला समजावलं की हा निष्काळजीपणा आहे. सोर्सपासून लांब राहायचं असतं. तो म्हणाला, व्हय. मग म्हणाला, राव, पर लांबनं काठी लावून सोर्सचं काम हुतंय का?

२ फेब्रुवारी
धोंडीबाने विचारलं, बॅज कुटं हाय आज. म्हटलं, घरी. फाउंड्रीत तेल, काजळी, वाळू. इतकी नाजूक वस्तू मी कामाच्या खाकी डगल्यावर लावत नाही. पांढऱ्या शर्टाच्या खिशावर लावून ठेवतो. सुरक्षित असतो.
तो म्हणाला, मग बॅजच सुरक्षित हाय. तुमी न्हाई.
अशिक्षित माणसाला विनोद लवकर सुचतो.

१४ एप्रिल
जयंती. पांढरा शर्ट, बॅज. विहारासमोर मोठी सभा. मला पाहताच कमिटीवाल्या भैरूने बाजूला घेतलं. वाटलं, स्टेजवर बोलावतायत. त्याने हातात पाण्याची घागर आणि दोन पेले दिले. बॅज पाहून स्वयंसेवक समजला. सांगितलं की हा शास्त्रीय बॅज आहे. तो म्हणाला, असू दे भावा, आधी डाव्या बाजूच्या बायका.
साडेचारशे लोकांना पाणी पाजलं. समाजाचं ऋण असतं.
अभ्यास नाही. उद्यापासून दुप्पट.

९ मे
सांगवीहून तानूमावशी आली. तिच्या छातीत गाठ होती. ऑपरेशन झालं, आता पुण्यात किरणांचे शेक चालू आहेत. एकूण पंचवीस. जांभळ्या शाईने अंगावर रेघा मारल्यात, तिथे पाणी लागू द्यायचं नाही.
मला म्हणाली, ज्योती, तू हेच शिकतोस ना. पंचवीसच का रे? वीस का नाही, तीस का नाही?
सांगितलं की हे गणित गुंतागुंतीचं आहे. अंतर दुप्पट झालं की शेक पाव होतो. चुलीचं उदाहरण दिलं. ती म्हणाली, ते मला ठाऊक आहे, मी चुलीपुढेच बसते. पंचवीस का ते सांग.
सांगतो म्हटलं, बघून. ते पान १७ च्या पुढे असावं.
जाताना म्हणाली, तिथे एक चष्मेवाला आहे. फूटपट्टीने मोजतो, वहीत लिहितो, दोनदा मोजतो. त्याच्या डगल्यालाही तुझ्यासारखी डबी आहे. पण मळकी.
त्याला कोणीतरी सांगायला हवं.
पुढच्या मंगळवारी मावशीबरोबर शेकाला जाणार. सगळं डोळ्यांनी बघेन. पुस्तकापेक्षा ते बरं.

१६ मे, मंगळवार
दुपारी जरा आडवा झालो. मावशी सुनेबरोबर गेली.

२० जून
फॉर्म भरला. अर्जुनराव आमचे सुपरवायझर. शिफारसपत्र त्यांनी चांगलं लिहिलं. म्हणाले, सोबत बॅजचं रेकॉर्ड जोडावं लागतं, अनुभवाचा पुरावा म्हणून. म्हटलं, आनंदाने जोडा. अठरा महिन्यांत एकही आकडा नाही. असा उमेदवार मिळणार नाही.
अर्जुनराव म्हणाले, हं.

२३ जुलै
पाऊस. काही वाळत नाही. मुंबईला इंटरव्ह्यूचं बोलावणं कधीही येईल, म्हणून पांढरा शर्ट तयार हवा. आईने तो न्हाणीतल्या बंबाच्या वरच्या खुंटीला टांगला. दोन दिवस, दोन रात्री. कडक वाळला. बॅज काढायला विसरली, पण हरवला नाही, हे महत्त्वाचं.
पान १७.

२९ ऑगस्ट
मुंबईहून तातडीचं पत्र. माझा जुलैचा डोस दोन हजार शंभर मिलिरेम. एवढा आकडा आमच्या फाउंड्रीत कोणी पाहिलेला नाही. चौकशी होईपर्यंत सोर्सजवळ जायचं नाही, टेबलावर बसायचं.
अर्जुनरावांनी घाम पुसत विचारलं, तुम्ही नेमकं केलं काय? म्हटलं, आठवत नाही. मनात म्हटलं, शास्त्रासाठी माणूस काय काय करतो आणि त्याला कळतही नाही.
चार पानी खुलासा लिहिला. किरण भिंतीवर आपटून माझ्याकडे वळले असावेत असं गणित मांडलं. भिंतीचा कोन जुळेना, म्हणून भिंत थोडी हलवली.

३१ ऑगस्ट
वस्तीत बातमी पसरली. आई रडली, मग रोज दोन अंडी सुरू केली. शेजारची छबूबाई लेकरांना माझ्यापासून लांब ठेवते. संध्याकाळी धोंडीबा घरी आला. त्याला काळजी वाटत होती. बाहेर उभा राहून म्हणाला, राव, महिनाभर सोर्स म्याच काढला, म्याच घातला. माझं पस्तीस आलं. तुमचं इतकं कसं?
म्हटलं, प्रत्येकाची प्रकृती वेगळी.
तो शर्टाकडे बघत होता. चहा घेऊन गेला.

१८ सप्टेंबर, मुंबई
इंटरव्ह्यू झाला. सविस्तर लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.
टेबलापलीकडे तिघे. मधले वयस्कर. त्यांच्यापुढे माझं रेकॉर्ड. पांढरा शर्ट, नवा बॅज खिशावर. मी आत गेल्यापासून ते बॅजकडेच बघत होते. छाप पडली हे कळलं.
विचारलं, अठरा महिने शून्य आणि मग एकदम दोन हजार शंभर, हे कसं. खुलासा सांगितला. भिंतीपर्यंत आलो तेव्हा ते म्हणाले, राहू द्या.
विचारलं, हा शर्ट कामावर घालता?
म्हटलं, नाही सर, तेल लागतं.
मग बॅज?
बॅज शर्टावरच असतो सर, कायम.
त्यांनी फाईल हळूच मिटली. मग विचारलं, घरी पाणी कशावर तापवता, आणि पावसाळ्यात कपडे कुठे वाळवता. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण घरगुती चौकशी केली. आपुलकी वाटली. म्हटलं, बंबावर, सर. म्हणाले, मग यात किरण नाहीत. उष्णतेनेही फिल्म काळी पडते. जुलैचा डोस तुमच्या बंबाने दिला म्हणायचा. तिघे हसले. मीही हसलो.
मग ते हसायचे थांबले. म्हणाले, हॉस्पिटलात तुम्ही जो आकडा लिहाल तो दुसऱ्याच्या अंगावर पडेल. त्याला फक्त तुमची वही असते, दुसरं काही नसतं. कळतं का?
म्हटलं, हो सर. आणि एकदम तानूमावशी डोळ्यांपुढे आली, तिच्या जांभळ्या रेघा. पाणी मागितलं.
शेवटी काही विचारायचं आहे का, म्हणाले. विचारलं, पंचवीसच शेक का देतात, सर? त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हणाले, हे आधी विचारायला हवं होतंत.
एकूण चांगला झाला.

१९ सप्टेंबर
परत येताना घाटात एस.टी. गरम झाली. सगळे खाली उतरलो. ड्रायव्हरने झाकण उघडलं, वाफेचा लोट आला. न्हाणीतली खुंटी आठवली. त्या विचाराच्या पुढे गेलो नाही. केळी घेतली.

७ ऑक्टोबर
पत्र आलं. निवड नाही. खाली शाईने एक ओळ जास्तीची लिहिली आहे: बॅज माणसाने वापरावा.
आईने विचारलं, काय लिहिलंय. म्हटलं, शुभेच्छा.
टाइमटेबल भिंतीवरून काढलं. मागे भिंतीचा रंग बरा होता.

९ ऑक्टोबर
बॅज शर्टावरून काढला. खिशावर दोन भोकं राहिली. अर्जुनरावांनी सोर्सवर परत घेतलं. खाकी डगल्याला बॅज लावला. धोंडीबाने सरळ करून दिला. म्हणाला, आता कास्टिंगच्या जवळ या. मी सांगतो तवा मागं व्हा.
मागं झालो. त्याने सांगितलं तेव्हा.

२ डिसेंबर
ऑक्टोबरचा रिपोर्ट आला. धोंडीबा चाळीस. मी तीस.
धोंडीबाने कागद दोनदा वाचून घेतला. म्हणाला, झालं राव. लागलात कामाला.
घरी आलो तर तानूमावशी बसली होती. तपासणी करून आलेली. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. रेघा पुसल्या आहेत. चष्मेवाल्याने ओळखलं, म्हणाली, नावाने हाक मारली.
तुझं काय झालं मग, तिने विचारलं.
म्हटलं, तीस.
तिने बोटांवर मोजलं. म्हणाली, मला पंचविसात भागलं रे. तुला पाच जास्त लागले.