तुटलेले पाच धागे

मंगळ., ४ नोव्हें.
आजी सांगणार, पीएचडीवाली नात लिहिणार. अख्ख्या भांडुपात असा कारकून कुणाकडे नाही.
तन्वीने आज मोबाइलवर तिच्या लॅबमधला धागा दाखवला. कार्बनचा, काळा. आत म्हणे नळ्या असतात, केसाहून कितीतरी बारीक. धागा दोन पट्ट्यांच्या मधे धरतात आणि पट्ट्यांना वीज जोडतात. वीज धाग्याला शिवत नाही, तरी तो ताठ होतो, जास्त ताण सोसतो. सासू नुसती दारात उभी राहिली की आम्ही व्हायचो तसा. सोवळ्यातली वीज!

गुरु., ६
डोकं फिरलंय. तन्वीने वीज लावून चौदा धागे ओढले. नऊ घट्ट झाले, पाच उलट लवकर तुटले. तिचे सर म्हणाले, ते पाच गाळ, खराब असतील. हिने गाळले!
"कुठे तुटले गो? चिमट्यापाशी?"
"नाही, मधेच. आतल्या नळ्या घसरल्या असतील एकमेकींवरून."
"मग तसं लिही."
"सर सही नाही करणार, आजी. चार वर्षं गेलीत माझी."
मी गिरणीत वाइंडिंगला होते, बॉबिनीवर सूत गुंडाळायला. तुटलेल्या धाग्याची गाठ बॉबिनीत लपवली की आमचं काम झकास दिसायचं. पुढे माग थांबायचा, बोलणी विणकराला. एकदा मी लपवली होती. त्या विणकराचं तोंड अजून... राहू दे.
तुझ्या सरांचो मुडदो बशिवलो! हे पण लिही.

शनि., ८
मला अक्षर येत नाही, पण शेजारच्या नलूला येतं. तिच्याकडून परवाचं वाचून घेतलं. शिवी नाही. विणकर पण नाही!
"बरं नाही दिसत गं, आजी..."
"बरं दिसायला सांगितलं होतं मी?"
दोन्ही घालून घेतलं, नलूच्या समोर. पण किती दिवस माझं असं चाळून लिहितेस? माझी वहीसुद्धा सोडली नाहीस? तन्वी रडली. मी जागची उठले नाही.

रवि., ९
बोलणं बंद. लिहायला मात्र बसलीय, मान खाली.
तिच्या दोन वह्या. कच्च्या वहीत चौदा धागे, पक्कीत नऊ. वरून दोन्ही सारख्या. कच्ची कुठली ते विचारून मी तिच्या पुठ्ठ्यावर हळदीचं बोट उठवलं.
"अगं, लॅबची वही आहे ती!"
"मला पण ओळखू यायला नको?"

बुध., १२
आज नलू लिहितेय. ही निदान थांबून विचार करत नाही.
आज सरांपुढे वही ठेवायची होती. तन्वी सकाळी डबा न घेताच गेली. फळीवर एक वही उरलीय. नलू म्हणते, उघडून बघू का कुठली? कशाला? हळद नाहीये, दिसतंय मला.
म्हणजे चौदावाली नेली. पण नेली म्हणजे उघडेलच असं नाही. गिरणीतली ती गाठसुद्धा मी हातातच धरली होती, लपवायच्या आधी.
सात वाजले. सुरमईची मोठी तुकडी झाकून ठेवलीय. खरं सांगून आली तर तिची.
नाहीतर पण तिचीच, मेलीची. पण शिव्या खाऊन. आणि त्या तिनेच लिहायच्या.