उजवा कौल, पांढरा ससा

२ मार्च, रविवार
सहाणेवरचा ससा पुरा झाला. शिमग्यात पालखी बसते त्या चौथऱ्यामागची भिंत. गावकमिटीचा अध्यक्ष विलास (यापुढे वि., पूर्ण नाव लिहिण्याची लायकी नाही) याने 'पारधीचं चित्र' मागितलं होतं. कातळाच्या रंगाचा ससा काढला. मानेवर काळा डाग, कान पाठीवर पाडलेले, पोट जमिनीला चिकटलेलं.
वि. कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "बाई, ह्यो ससा हाय काय उंदीर?"
त्याला पांढरा हवा. लाल डोळ्यांचा. हातात गाजर. हातात! विचारलं, आपल्या सड्यावर, या कातळाच्या माळावर, गाजर कधी उगवलं? तर म्हणे पोरांना कळायला नको?
याला मीच सहावीत चित्रकला शिकवली. तेव्हाही एक गोळा काढून वर दोन केळी लावली होती. मुंबईत नोकरी करून फरक इतकाच की आता तो गोळा दुसऱ्याकडून काढून घेतो.

४ मार्च, मंगळवार
आप्पाने माळ्यावरून वाघर काढली. ससे धरायचं जाळं, आमच्या आजोबांचं. माझा थोरला भाऊ, शेजारच्याच घरात राहणारा, गुडघे गेलेले, मोतीबिंदू पिकलेला, आणि ओटीवर बसून जाळ्याच्या गाठी मारतो आहे.
शिमग्याच्या पारधीत धरलेला ससा कानांनी उचलून पालखीला दाखवायचा, हा मान आमच्या घराचा. कायद्याने पारध बंद झाली तेव्हा गावाने तोड काढली : नारळ. त्याला आंब्याची दोन पानं बांधायची, ते कान. आप्पा दर वर्षी नारळाचे कान धरून उभा राहतो आणि लोक "होय म्हाराजा" म्हणतात. मला दर वर्षी हसू येतं. त्याला काय येतं ते कधी विचारलं नव्हतं.
आज बोलला. "मरायच्या आदी एकदा खरा धरायचा हाय. नारळ धरून थकलो."
म्हटलं, फॉरेस्टवाले तुला धरतील. या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढशील?
"तू रोज सकाळी सड्यावर जातेस चित्रं काढायला. खय बसतो गो तो ससा?"
सुईत दोरा ओवून दिला.

७ मार्च, शुक्रवार
कमिटीची सभा. वि.ची योजना : रत्नागिरीतल्या दुकानातून ससा आणायचा, पालखीसमोर कातळावर सोडायचा, गावाने ढोल वाजवत मागे धावायचं, आप्पाने धरायचा, मग 'निसर्गात मुक्त' करायचा. व्हिडिओ मुंबई मंडळाला. कायदाही राहिला, परंपराही राहिली. टाळ्या.
दुकानातला ससा निसर्गात मुक्त करायचा म्हणजे कपाटातली बाहुली समुद्रात पोहायला सोडायची. बोलले तसं. कोणी ऐकलं नाही. ससा तो ससा. आपल्या भाषेत दुकानातल्या आणि रानातल्या दोघांना एकच शब्द, त्यामुळे या लोकांना प्राणीही एकच वाटतो.
वर वि.चं भाषण. "आपल्या पूर्वजांनी सशाचा असा पाठलाग केला की त्यावरून ससेमिरा शब्द आला." उठून सांगितलं, ससेमिऱ्यात ससा नाही, ती वेड्या झालेल्या राजपुत्राच्या गोष्टीतली चार अक्षरं आहेत. ससेहोलपटीत आहे ससा, तो शब्द घे.
"बाई, तुमी आता शाळंत नाय."
हे मात्र बरोबर बोलला.

९ मार्च, रविवार
देवळात कौल. नारळाऐवजी ससा देवाला चालेल का, म्हणून. गुरव येईपर्यंत खांबावरचं जुनं कोरीव काम बघत बसले. ससा, मागे कुत्रा. कोण सुतार होता कोण जाणे, सशाचा मागचा पाय असा ताणलेला की आपलाच श्वास अडकावा. गेल्या वर्षी ऑइलपेंट मारून कमिटीने त्याचा बोकड केला. कुत्र्याला मिशा.
गुरवाने देवाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "नारळाच्या जागी ससा आणला तर मान्य हाय काय? आसंल तर उजवा दे म्हाराजा." उजवी पाकळी पडली. वि.ने आधी फोटो काढला, मग नमस्कार केला.
घरी येऊन आप्पाला म्हटलं, देवालाही फसवलं रे यांनी. विचारलं 'ससा', देव हो म्हणाला. कुठला, ते कोणी विचारलं? देव बिचारा कातळावरचाच समजला असेल, त्याने दुकान कुठे बघितलंय!
मी हसत होते. आप्पा हसला नाही. सुई खाली ठेवली.
"बरोबर बोललीस. देवान आपला ससा मागितलाय."

११ मार्च, मंगळवार
माझी जीभ! दोन दिवस समजावते आहे की ती थट्टा होती. "थट्टेत पण तुझ्या तोंडून तोच बोलला," म्हणतो. चित्रकलेच्या शिक्षिकेच्या तोंडून देव बोलायला लागला तर देवाचंही कठीण आहे.
सकाळी काठी टेकत सड्यावर गेला. मी मागून. करवंदीच्या जाळीपाशी थांबून जमीन बघत होता, ससा हातभर अंतरावर बसलेला तरी त्याला दिसत नव्हता. मला दिसत होता. उघडे डोळे, नाकसुद्धा हलत नव्हतं. मी समुद्राकडे बघितलं.
पण पलीकडे गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, खिंडार आहे ते आप्पाने हाताने चाचपलं. ससा पळाला तर तिथूनच पळणार, हे त्याला कोणी सांगायला नको.

१३ मार्च, गुरुवार
होळी. संध्याकाळी चंद्र वर आला. वि. पोरांना दाखवत होता, "तो बघा चंद्रावरचा ससा." त्याच्या बोटाच्या दिशेला पाण्याची टाकी होती.
सशाचं नशीबच असं. गोष्टीत त्याने सिंहाला विहिरीत पाडलं तरी नाव काय? भित्रा. झोपला एकदा, तर कासवाकडून हरल्याचं पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतलं. साहेब लोकांनी घोड्यांवरून मागे धावून मारला, मग स्वयंपाकघरात एका पायाने टांगून रंगवला, आणि त्या चित्राला नाव 'स्टिल लाइफ'. आम्ही दोन वर्षं कॉलेजात त्याच्या नकला काढल्या. छान काढायचे मी.

१४ मार्च, शुक्रवार
ससा आला, खोक्यातून. पांढरा, लाल डोळ्यांचा, अगदी वि.च्या स्वप्नातला. बायका कोबी भरवताहेत. सहाणेवर गेले तर माझ्या भिंतीवरही कोणीतरी चुना फासून ससा पांढरा करून ठेवलेला. गाजर राहिलं आहे, तेही होईल.
खोक्यात हात घातला. त्याचं काळीज इतकं धडधडत होतं की हात काढून घेतला.

१५ मार्च, शनिवार
पारध झाली. जसं घडलं तसं लिहिते.
सकाळी लवकर सड्यावर गेले. खिंडारात वाघर लावलेली. आप्पानेच, दुसरं कोण! काढावी म्हणून हात घातला. काढली नाही. जन्मभर नारळ धरलेला माणूस. आणि हेही खरं की मला वाटलं, त्याच्या गाठी आता कसल्या टिकताहेत.
दहाच्या सुमारास सगळं गाव, ढोल, पालखी, मोबाइल. वि.ने खोकं उघडलं. पांढरा ससा बाहेर आला आणि बसला. ढोल वाढले, तो बसलेलाच. कातळ तापलेला, एक एक पाय उचलत होता. कोणी 'हुर्रर्र' केलं तसा चार उड्या मारून आप्पाच्या सावलीत गेला आणि त्याच्या पायावर बसला. लोक हसून लोळायला लागले. "धरा, आप्पानू, धरा!"
आप्पाचं लक्ष नव्हतं. ढोलांनी करवंदीतला उठला होता. आमचा. गावाच्या पाठीमागून, कान पाडून, सरळ गडग्याकडे. सगळे मोबाइल पांढऱ्यावर. बघितला फक्त मी, आणि पळत होता म्हणून त्या पिकल्या डोळ्यांनीही आप्पाने. खिंडारात गेला. वाघर ताणली.
आप्पा वाकला, पांढऱ्याला कानांनी नाही, दोन्ही हातांनी पोटाखालून उचललं, पालखीला दाखवलं आणि माझ्या हातात दिलं. "धर गो." आणि काठी टेकत गडग्याकडे गेला. वि. ओरडत होता की मुक्त करायचा शॉट राहिला. मी ससा पदरात घेऊन घरी आले. व्हिडिओत माझी पाठ आली आहे म्हणे. चांगली आली असेल.

१६ मार्च, रविवार
वाघर परत माळ्यावर. आप्पा जेवत नाही. मटणाचा वास त्याच्या घरात नाही, इतकं बघून आले.

१७ मार्च, सोमवार
त्याने वाघर घेऊन पुन्हा बाहेर पडू नये म्हणून ती काढून घ्यायला माळ्यावर मीच चढले. जाळं मधोमध कापलेलं, कोयतीने, एका घावात. पीळ सुटलेल्या दोऱ्यांना तांबूस केस.
खाली उतरले तर ओटीवर बसून होता. मांडीवर पांढरा. 
"धरला होतास?"
"धरला. कानांनी, आजा धरायचा तसा. ओरडला गो. ससा ओरडतो हे मी इसारलो होतो. पोरासारखा ओरडतो."
"मग?"
"उजवा कौल देवाचा होता. माझा डावा पडला."
मग पांढऱ्याचा मागचा पाय चाचपत, "मागला पाय ओढीत गेला, बाय."
मला रडू आलं. वि. वाटेने चालला होता, त्याला वाटलं आमच्यात जमिनीवरून भांडण झालं.

१९ मार्च, बुधवार
करवंदीखाली जागा रिकामी. मी परत येते तेव्हा आप्पा गेटाशी उभा असतो. "दिसला?" मी नाही म्हणून मान हलवते. पांढरा त्याच्या परसात अळू खात सुटला आहे. निर्बुद्ध प्राणी. नाव ठेवायचं नाही असं दोघांनी ठरवलं आहे.
वि. मुंबईला गेला. पुढच्या वर्षी दोन ससे आणणार म्हणून सांगून गेला.

२३ मार्च, रविवार
आज त्याच्या जागेपाशी सशाच्या लेंड्या दिसल्या. चार-पाच उचलून रुमालात बांधून आणल्या. निवृत्त शिक्षिका, रुमालात लेंड्या, वाटेत कोणी भेटलं नाही हे नशीब.
आप्पाने एक बोटांत धरून चुरडली, नाकाशी नेली. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.
"सुकलीय. जुनी आसंल," म्हणाला. मग म्हणाला, "पण ऊन लय कडक हाय. काय सांगता येत नाय." 
दुसरी चुरडली.