नकाशातली छत्री

३ नोव्हेंबर
‘कुणकेश्वर ते रेडी : एका मुशाफिराचं चिंतन’ आज छापून आलं. लेखक मी. गलबत प्रकाशनचा मालक, संपादक, हमालही मीच. गठ्ठे पडवीत रचले. खाट आता कुठे टाकायची, असं बायकोने, किशोरीने, विचारलं. साहित्यिकाच्या घरात हे चालायचंच. उद्या पहाटे उठून पुढचं पुस्तक सुरू.

४ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ
उठलो. पहाट उद्यापासून.
किशोरीने पुस्तक उघडून थेट शेवटचा नकाशा बघितला. म्हणाली, ‘गुप्त बीच’ची छत्री आपल्या घरावर आली आहे, आणि समुद्र तर डोंगरापलीकडे. समुद्राच्या जागी जाहिरात गेली, मग छत्री कुठे काढू? ले-आउट नावाची गोष्ट असते. शिवाय सीरियस वाचक नकाशा बघत नाही.

१६ नोव्हेंबर
वाचक आले. पुण्याचं कुटुंब, थेट लेखकाच्या दारात. पोरांच्या कमरेला हवेच्या रिंगा. मी पेन घेऊनच बाहेर गेलो. गृहस्थांनी बीच कुठे आहे विचारलं. म्हटलं, किनारा आधी आत सापडावा लागतो. ते बघतच राहिले. भारावले असावेत. म्हणून प्रस्तावना वाचून दाखवली. धाकटं रडायला लागलं. शेवटी किशोरीने सगळ्यांना बांगड्याचं तिखलं नि भात वाढला आणि तिच्या भावाने, लवूने, रिक्षातून समुद्रावर नेऊन सोडलं. सही घ्यायची त्यांची राहूनच गेली.

२४ नोव्हेंबर
रीघ लागली आहे. मराठी वाचक संपला म्हणणाऱ्यांनी आमचं अंगण बघावं. मी ‘लेखक-भेट’ अशी पाटी लावून खुर्ची टाकली. विहिरीवर आंघोळ करून आलेल्या एकाने खुर्चीवर टॉवेल वाळत घातला. मी खुर्चीत होतो. वाचकांशी जवळीक वाढते आहे.
किशोरी म्हणाली, “तेंका समुद्र होयो, तुमी नको.” तिला मार्केट कळत नाही.

९ डिसेंबर
किशोरीने दुसरी चूल मांडली. शेजारची भक्ती घावणे काढायला येते. जेवणाआधी मी अभिवाचन ठेवलं आहे. हल्ली लोक मागच्या दाराने येतात. पुढे गर्दी होत असेल.
पुढच्या पुस्तकाचं शीर्षक जवळजवळ सुचलं.

२ जानेवारी
आवृत्ती संपली. लवूने रिक्षात बसेल त्याच्या हातात एकेक प्रत दिली. वितरण म्हणतात ते हेच. दुसऱ्या आवृत्तीत छत्री समुद्रावर न्यायचं मी मोठ्या मनाने ठरवलं. किशोरी म्हणाली, छपाईचं ती बघेल, पण एक अट.
“नकाशो आसा तसो ऱ्हवांदे. तुमी लिवलेला तेवढा काढा.”
निषेध म्हणून जेवलो नाही. सुरमई तळायला घेईपर्यंत. नंतर, माझं नाव छापायचंच, असं वचन तिच्याकडून घेतलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१२ जानेवारी
दुसरी आवृत्ती आली. एकच पान. पुढे नकाशा, मागे जेवणाचे पदार्थ. प्रवासवर्णन इतकं नेमकं आजवर कुणाला जमलं नसेल. माझं नाव मात्र शोधावं लागलं. चष्मा लावल्यावर सोलकढीच्या खाली सापडलं : ‘वाढपी – रघुवीर घाडी’.