शकुनची भरड

आसेगाव, जुलै १९६८

प्रिय शकुन,

तुझं पत्र पोचलं. तू विचारलंस त्याचं उत्तर देतेच, पण आधी कोंबड्यांचं ऐक. मे महिन्यात अकोटच्या रस्त्यावरचं डांबर पातळ झालं होतं. त्यातच वावटळीनं एका खोपीचे टिन उडवले आणि मांसासाठी वाढवायची ती नवी पांढरी पिलं सगळी दुसऱ्या खोपीत कोंबावी लागली. चोची उघड्या टाकून बिचारी धापा टाकत होती. माणसाला गार वाटतं ते कोंबडीलाही वाटेल, म्हणून तुझ्या बाबांनी हौसेनं दाराला वाळ्याची ताटी बांधली, वर पाणी मारलं. गारवा लागताच सगळी झुंड त्या एका ताटीकडे धावली, एकमेकांवर चढली, आणि खालची गुदमरून मेली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. उरलेली जगली नाहीत तर हा धंदाच सोडायचा, म्हणाले.

तेव्हा तू दिवाळीत सांगितलेलं मला आठवलं. उडालेली खोप आम्ही तुराट्यांनी शाकारली, निम्मी पिलं तिकडे नेली. भर उन्हात दाणे उचलून घ्यायचे, पहाटे आणि ऊन उतरल्यावरच द्यायचे. ज्वारीच्या भरडीत सावलीत वाळवलेला शेवग्याचा पाला, तुळस आणि थोडी हळद कुटून घातली. शेजारची मैनाबाई कुंपणावरून बघत होती. "काहून वं इंदू, बाळंतकाढा देऊन राहिली का कोंबड्यांले? आता बाजेखाली शेगडीबी ठेव त्याईच्या." मला हसू आलं, पण मुसळ थांबवलं नाही.

हळूहळू धापा कमी झाल्या. त्यात पाल्याचं किती आणि मोकळ्या जागेचं किती, ते तूच शिकून सांग. पण पिलं जगली, अंगानं भरली. अकोटचे खानावळवाले खुशालराव न्यायला आले, एकेक हातात तोलत म्हणाले, "जानराव, कोन्या डाक्टरचं औषध हाये हे?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "डाक्टर घरचाच हाये. माही पोरगी." चार माणसांत, असे ताठ उभे राहून म्हणाले, की मी पदर तोंडाशी धरून आत गेले. काल मैनाबाईनंही शेवग्याच्या दोन फांद्या मागून नेल्या.

तू लिहिलंस, जनावरांच्या डॉक्टरकीच्या वर्गात मी एकटीच मुलगी, बैलाच्या पायाला हात लावला की मुलं हसतात, सगळं सोडून घरी येऊ का. वाचताना माझा जीव तुटला. ये म्हणावं असंच आईच्या तोंडी येतं. पण शकुन, तुझ्या खाटेवर आता पाला वाळत घातलाय, निजायला जागा नाही. दिवाळीच्या सुट्टीत ये. तेवढे दिवस मी तो खाली उतरवून ठेवीन.

तुझीच, तुझा पाला कुटणारी,
आई